ढालकिडीचं रुखवत

शेवटचं काम आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलं ते म्हणजे एका करवंटीला तिच्या पाकिटातल्या काळ्या टिकल्या लावल्या. लावायच्या तिनं, करवंटी धरायची मी. दिवस मावळतीला गेला होता, पण ओट्यावर अजून दिसत होतं. करवंटी तिनं दुपारभर खापरानं घासून गुळगुळीत केली होती, वरून पिठाच्या खळीत कुंकू कालवून दोन हात दिले होते. कुंकू पुरतं वाळलं नव्हतं. माझी बोटं लाल झाली.

"हलू नका," ती म्हणाली. "टिकली सरकली की पोरगी तिरळी दिसंल."

"किड्याचे डोळे पाठीवर असतात व्हय?"

"मग पाठीवर हायेत ते काय हायेत?"

"ठिपके."

"मग ठिपके तिरळे दिसतील. धरा नीट."

एवढंच बोलणं. शेवटची टिकली लावून तिनं करवंटी हात लांब करून बघितली, पाटीत ठेवली, वर फडकं टाकलं आणि भाकरी थापायला आत गेली. मी बोटं धोतराला पुसली. त्यावरून दोन शब्द ऐकायला लागतील असं वाटलं होतं, पण तिनं बघितलं नाही.

हे काय चाललं होतं ते सांगतो. आमचं घर मुरुडच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. माझं बारदान्याचं दुकान होतं. रिकामी पोती घ्यायची, फाटली असली तर दाभणानं शिवायची, अडतीवर द्यायची. गुडघे गेले तसं बंद केलं. मी चौथी नापास, ती सातवी पास, म्हणजे घरात शिकलेलं माणूस तीच. मुलगा नांदेडला मास्तर आहे, तिकडंच फ्लॅट घेतला. नातू मोठे झाले, त्यांना आता आजी लागत नाही, वायफाय लागतं. म्हणून तिनं गल्लीतली पोरं धरली.

शिमगा जवळ आला, ऊन चढायला लागलं की दुपारची पोरं आमच्या ओट्यावर. बाहेर लिंबाला फुलोरा आलेला, त्याच्यावर माश्यांची गुणगुण, आणि ओट्यावर हिच्या पोरांची. किडे करायचे. विकत काही आणायचं नाही हा तिचा कायदा. भुईमुगाच्या शेंगेचं दोन दाण्यांचं टरफल असतं बघा, मधे बारीक आणि दोन्हीकडं फुगीर, तो झाला मुंगळा. खराट्याच्या काड्या मोडून सहा पाय लावायचे. चिंचोका म्हणजे भुंगा, त्याला काहीच करायला लागत नाही. शेंगेलाच हळद फासून काजळाचे पट्टे ओढले की गांधीलमाशी. चतुराचे पंख कांद्याच्या सालीचे. ते मला आवडायचे, खोटं कशाला बोलू. तांबूस, आरपार, आत शिरा, आणि हात लावला की चरचर वाजायचे.

फुलपाखरं लग्नपत्रिकांची. जाड कागद, सोनेरी छाप, फुकट. पण पत्रिकेवर वरच्या बाजूला देव असतो, त्याला कात्री लावायची नाही. तो भाग ती आधी अलगद कापून काढायची आणि देवळीत ठेवायची. देवळीत असे एवढाले देव साठले की दिवा ठेवायला जागा राहिली नाही. मी म्हणायचो, गल्लीतल्या सगळ्या लग्नांचे देव आपल्याच घरी मुक्कामाला हायेत. ती म्हणायची, राहू द्या, भाकरी तर मागत न्हाईत.

ह्या वर्षी समोरच्या घरातल्या नातीनं वेगळंच काढलं. ही पोरगी तिसरीत, समोरचे दोन दात पडलेले, पण बोलणं तहसीलदाराचं.

"आजी, आपण नुसते किडेच करायलोत. त्यांचं पुढं काय?"

"पुढं काय म्हंजे?"

"म्हंजे लग्न-बिग्न."

झालं. नवरी ठरली ढालकिडी, ती लाल, काळ्या ठिपक्यांची असते ती. पोरं तिला इंग्रजीत लेडीबग म्हणायची. आमची म्हणायची, आपल्या घरची हाय तर ढालकिडीच म्हणा. नवरदेव ठरला नाकतोडा, ज्वारीच्या धाटाचा. धाटाची साल दातानं सोलायची, आतला पांढरा भेंड कापून धड करायचं, सालीचे लांब पाय करून खोचायचे. आम्ही लहानपणी ह्याच भेंडाच्या बैलगाड्या करायचो. नवरीकडचे आम्ही, नवऱ्याकडचे समोरचे. आणि नवरीकडच्यांनी रुखवत मांडायचं, म्हणजे मुंगळे, भुंगे, चतुर, फुलपाखरं, जे जे पोरांनी केलं ते सगळं, जसं खऱ्या लग्नात आई-मावश्या हातानं केलेलं मांडतात तसं.

समोरची म्हातारी, त्या पोरीची आजी, आणि आमची, तीस-पस्तीस वर्षांच्या शेजारणी. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणायला लागल्या. सकाळी नळावर भांडण, "विहीणबाई, तुमच्या पोराची मान वाकडी हाय म्हणं," आणि तिकडून, "तुमच्या पोरीला तोंडच न्हाई, पोराला बरंच हाय." हसून हसून घागरी वाहून जायच्या.

"रंगपंचमीला बार उडवून टाकू," आमचीनं पोरांना शब्द दिला.

करवंटीला टिकल्या लावल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मी न्हाणीत होतो. घागर भरून वाहायचा आवाज यायला लागला तसा मी आतून ओरडलो, "अगं नळ, नळ!" पाणी वाहतच राहिलं. मी पंचा गुंडाळून बाहेर आलो. ती ओट्याच्या पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून, एक हात छातीवर. नळ बंद करायला मी तिला ओलांडून गेलो. बंद करून मागं फिरलो तेव्हा कळलं.

ह्याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, बसवून पुरतात. स्वामी आले, विभूती लावली, माती दिली. आणि आमच्यात सुतक धरत नाहीत. अंगावर लिंग आहे, मग विटाळ कसला, असं आमच्या लोकांचं म्हणणं. मी काही पोथी वाचलेली नाही, पण बापानं धरलं नाही, मी धरलं नाही. घरात त्याच संध्याकाळी चूल पेटली. पाहुणे आले, जेवले, रडले, गेले. मुलगा म्हणाला, "अप्पा, चला नांदेडला."

गेलो.

नांदेडला माझं काय झालं ते सांगायला लाज वाटत नाही. मला बसवत नव्हतं. सोफ्यावर बसलो की उठायचो. गॅलरीत जायचो, तिथून जिना, जिन्यावरून खाली, खाली वॉचमन म्हणायचा "काका, काय पाहिजे," काही नाही म्हणून परत वर. सून चहा ठेवायची, मी चहा घेऊन उभा. "अप्पा, बसा ना," ती म्हणायची. "बसतो की," आणि उभाच. टीव्हीपुढं नेऊन बसवलं तर हातात काहीतरी पाहिजे व्हायचं, सोफ्याचा दोरा उसवत बसायचो. सुनेनं काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यावर चादर आली. गोदावरीला नेलं मुलानं. घाटावर उभा राहिलो, म्हटलं चल घरी. घरी आलो, म्हटलं घाट बरा होता.

मग एक दिवस खाली पार्किंगमध्ये पोरं रंग खेळायला लागली. मी वरून बघत होतो. सून म्हणाली, रंगपंचमी हाय आज.  रंगपंचमीचा शब्द पोरांना दिलेला होता. तिनं दिला होता. देणारी गेली म्हणजे शब्द गेला, असं होतं का? मला तरी तसं माहीत नाही. दुकानात माझ्या बापानं सांगितलेलं काम बाप गेल्यावर मी पुरं केलं आहे.

मी पिशवी घेतली आणि एसटी स्टँडवर गेलो. लातूरला उतरून फोन केला मुलाला. तो शाळेतून बोलत होता, मागं पोरांचा गलका.

"अप्पा! सांगून तर जायचं. काय विसरलं तिकडं?"

"पोरीचं लग्न हाय."

"कोणाच्या?"

"आपल्याच."

 त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. मग मी सगळं सांगितलं, करवंटी आणि नाकतोडा, तर आणखीच वाटलं असंल. शेवटी म्हणाला, "बरं. मी रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवा. घराला कुलूप लावू, एकटं राहायचं न्हाई आता, मी ऐकणार न्हाई."

म्हणजे मला रविवारपर्यंतचा वेळ. त्याच्या आत लग्न लावायचं, नाहीतर कुलपाच्या आत पाटी आणि पाटीत तिचा शब्द.

मुरुडला आलो तर गल्ली रंगून बसलेली. भिंती, कुत्री, नळाचा कट्टा, समोरचं दार, सगळं लाल-निळं. फक्त आमचा ओटा कोरा. पोरांनी बरोबर तेवढा सोडून रंग उडवला होता, जसं काही तिथं खडूनं रेघ मारली होती.

आत जाऊन पाटीवरचं फडकं काढलं. मुंग्या. खऱ्या मुंग्या, हजारानं. खळ गव्हाच्या पिठाची, आमच्या मुंगळ्यांवर खरे मुंगळे चढून ती खाऊन गेलेले, पाय गळून पडलेले. फुलपाखरांचे पंख सुटून पडले होते. नवरदेवाचं मुंडकं एकीकडं, धड एकीकडं. मी शिव्या दिल्या, मोठ्यानं दिल्या, घरात कोणी नव्हतं. नवरी तेवढी धड होती. कुंकवात हळद असते, टिकल्यांना त्यांचा स्वतःचा डिंक असतो, ते मुंग्यांना आवडत नसावं.

पाटी ओट्यावर आणून झटकत होतो तर समोरची नात आली. आली म्हणजे रस्त्याच्या मधे येऊन थांबली.

"अप्पा, आलाव?"

"हाव. ये इकडं, बघ काय झालं."

"येऊ देत न्हाईत. आजी म्हणती तुमच्याकडं सुतक हाय."

"आमच्यात सुतक नसतं."

"आजी म्हणती, त्यांच्यात नसंल, आपल्यात हाय."

"माणूस आमचं गेलं, सुतक तुम्ही धरायलाव?"

तिनं पायानं माती उकरली. मागं आणखी तीन-चार पोरं जमली, रंगानं माखलेली, सगळी तिच्या रेघेत उभी. मग ती म्हणाली, "ओटा तुमचा हाय. रस्ता ग्रामपंचायतीचा हाय."

"मग?"

"मग आम्ही रस्त्यात बसतो. तुम्ही तिकडूनच द्या."

असं काम सुरू झालं. मी ओट्यावर, पोरं रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून. पोतं माझं होतं, पण पोत्याला सुतक लागतं का हे कोणी विचारलं नाही. मी सूप भरून टरफलं, काड्या, साली खाली सरकवायचो, पोरं करून परत सुपात टाकायची. मोटारसायकल आली की पोतं ओढून घ्यायची. हे सुपाचं तिचंच डोकं, त्या पोरीचं. मला हात धरून कोणी शिकवलं असतं तर जमलं नसतं, पण ती रस्त्यातून हुकूम सोडायची.

"अप्पा, पाय पोटाला लावायचे. तुम्ही मुंडक्याला लावायलाव."

"कुठं पोट आणि कुठं मुंडकं ह्याचं?"

"बारीक फुगा मुंडकं. आजी करायची ते बघितलं न्हाई का कधी?"

बघितलं होतं. धरायला तर मीच असायचो. पण धरणाऱ्याला काय दिसतं, त्याला आपली बोटं दिसतात.

खळ करायची मला माहीत होती असं मला वाटत होतं. पीठ घ्यायचं, पाणी घालायचं, गॅसवर हलवायचं. डब्यातून पीठ घेतलं, घट्ट झालं, वाटी घेऊन आलो. पोरांनी सुपातून घेतली. थोड्या वेळानं एक बारकं पोरगं बोट चाटून म्हणालं, "अप्पा, मीठ न्हाई."

"कशात?"

"पिठल्यात."

बेसन होतं ते. मी बेसनाची खळ केली होती. पोरं रस्त्यात गडाबडा लोळली. चिकटवलेले सगळे पाय गळून पडले, आणि एकानं घरून भाकरी आणून चटणीसंगं ती खळ खरंच खाल्ली. मी आत गेलो. डबे सगळे एकसारखे, स्टीलचे, तिला झाकण न उघडता कळायचं कशात काय आहे. मी एकेक उघडून हुंगत बसलो. गव्हाचं पीठ तिसऱ्या डब्यात सापडलं. ह्यावेळी हळद घातली त्यात, मुंग्या लागू नयेत म्हणून. ती घालायची का नाही मला माहीत नाही. मला सुचलं ते केलं.

हे सगळं समोरची म्हातारी दारातून बघत होती.  शुक्रवारी ती बाहेर आली. पोरं पळाली, फक्त नात राहिली.

"अप्पा," म्हातारी म्हणाली, "हे काय चालवलंय?"

"लग्न."

"तिला जाऊन किती दिवस झालेत? तुमच्या दारात वर्षभर मंगल होत न्हाई. तोरण लागत न्हाई. तुमची काहीही रीत असू द्या, लोक काय म्हणतील? बायको गेली आणि म्हाताऱ्याला खेळ सुचायला."

"मला सुचायला न्हाई," मी म्हणालो. मी रागात होतो, आवाज चढला. "तिनं सांगितलं ते करायलोय. तुम्ही बसा घरात खुशाल. मला बसवत न्हाई. बसलो की पाणी वाहायचा आवाज येतो. हातात काडी असली की येत न्हाई. एवढंच हाय ते."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता रडते का शिव्या देते. तेवढ्यात नात मधे पडली.

"आजी, तूच म्हणलीस ना, आत्याच्या टायमाला. घरात माणूस गेलं तर लग्न वर्षाच्या आत करावं, न्हाईतर तीन वर्षं थांबावं."

"ते माणसांचं."

"मग हे किड्यांचं हाय तर सुतक कशाला लावायलीस? माणसांचं लावायचं तर सगळं लाव. तीन वर्षांनी मी सहावीत असंन. सहावीत मी किड्यांचं लग्न लावत बसंन का?"

म्हातारीनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात नाही. आणि घरात गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, मला उद्देशून का कोणाला, कळलं नाही, "उद्या लावा. पण रस्त्यात. ओट्यावर न्हाई."

शनिवारी ऊन कलल्यावर लग्न लागलं. मी माझी सगळ्यात चांगली दोन पोती रस्त्यात अंथरली, त्यावर रुखवत. मुंगळ्यांची रांग, गांधीलमाश्या, चिंचोक्याचे भुंगे, काडीपेट्यांचं पोळं, चतुर तुरीच्या काड्यांना टांगलेले, वाऱ्यावर त्यांचे कांद्याचे पंख चरचरत होते. काही हिच्या हातचे होते, काही पोरांच्या, तीन माझे. माझे ओळखू येत होते. अक्षता ज्वारीच्या, हळद लावलेल्या. एका पोरानं तेलाचा डबा वाजवायला घेतला. मोटारसायकलवाला एक आला, हॉर्न वाजवला, पोरगी म्हणाली, "काका, लग्न लागू द्या, मग जावा." तो गाडी बंद करून खरंच उभा राहिला, त्याच्या हातावर पण अक्षता ठेवल्या.

वरमाय म्हणून समोरची म्हातारी आली. नवं लुगडं नेसून आली. तिनं वाकून रुखवत बघितलं, अगदी खऱ्या लग्नात बघतात तसं नाक वाकडं करून.

"हे मुंगळे लंगडे हायेत."

"तुमच्या पोराची मान डुगडुगायली ती बघा," मी म्हणालो. "आम्ही बोललो का?"

"पोरगी आतून पोकळ हाय."

"करवंटीची हाय. पोकळ नसून कुठं जाईल?"

"आणि पुढं कोण बोलणार आमच्याशी? विहीण कुठंय?"

ती हे बोलून गेली आणि तशीच थांबली. पोरं पण थांबली. डबा वाजवणाऱ्यानं हात वर तसाच धरला. 

"मीच हाय," मी म्हणालो. "दोन्हीकडून मीच. बोला काय बोलायचं ते."

 पंचा धरला अंतरपाट म्हणून, पोरीनं मंगलाष्टका म्हटल्या, दात नसल्यानं अर्धं वारं. सावधान म्हटलं, अक्षता पडल्या, डबा वाजला. नाकतोड्याच्या लांब पायांवर अक्षता अडकल्या. ढालकिडीवरून घसरून गेल्या, ती गुळगुळीत होती ना.

मग पाठवणी. इथं माझं डोकं चाललं नव्हतं. बारदान्याच्या धंद्यात माल गेला तर पैसे येतात. लग्नात पोरगी जाते, आणि रुखवत तिच्यासोबत जातं, हे मी इतकी लग्नं जेवून विसरलो. पोरांनी पाटी उचलली, पोती झटकली, सगळं उचलून वाजत-गाजत समोरच्या घरात नेलं. नवरी पोरीच्या हातात, लाल, काळ्या टिकल्यांची. हिच्या पाकिटातल्या टिकल्या. समोरचं दार लागलं. रस्त्यात अक्षता आणि मी.

आत आलो. पाटी ठेवायची त्या जागी जमिनीवर कुंकवाचा एक पुसट गोल उमटलेला होता, बाकी काही नाही. मी मागच्या दाराला गेलो, पुढच्या दाराला आलो. सामान बांधायला काढलं, दोन धोतरं पिशवीत घातली, काढली. ओट्यावर आलो. समोर दिव्याच्या उजेडात पोरांचा गलका, नवरीला सासरी पाट मांडून बसवलं होतं म्हणे. मुलाचा फोन आला, उद्या दहापर्यंत पोचतो. मी हाव म्हणालो. हाव म्हणायला काय लागतं. परत मागचं दार, पुढचं दार. गुडघे म्हणत होते बस, आणि बसवत नव्हतं.

सकाळी नळ येण्याआधीच अंघोळ केली. धुतलेली टोपी घातली. कपाटातून वाटीभर साखर घेतली, वर फडकं टाकलं, आणि ओट्यावरून उतरून रस्ता ओलांडून समोरच्या दाराची कडी वाजवली. म्हातारीनं दार उघडलं, केस मोकळे, डोळ्यात झोप.

"काय झालं अप्पा? बरं हाय ना?"

"पोरगी न्यायला आलोय," मी म्हणालो. "मांडवपरतणीला."

"कालच तर दिलीत!"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी आणतातच की. तुमच्यात न्हाई आणत?"

"आणतात," ती म्हणाली. वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पण परत पाठवायला लागतंय, अप्पा. नांदेडला घेऊन जायची न्हाई. सून आमची हाय ती आता."

"पाठवतो ना. परवा पाठवतो. मग परत आणीन."

"म्हंजे राहणार का तुम्ही इथं?"

मी वाटी पुढं केली. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली, आत वळून नातीला हाक मारली, "ऊठ गं, नवरीच्या माहेरचे आलेत," आणि मला म्हणाली, "पायरीवर बसू नका, आत या. चहा ठेवते. व्याही दारात उभा राहिलेला बरा दिसत न्हाई."